आफ्टरकूलरचं कूलंट बदललं, पण सिस्टीमने एअर धरली

मिशिगनकर
११ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. या विभागात बहुतेक धागे 'बारा लाखांत कोणती गाडी घेऊ' छापाचे असतात, त्यामुळे हा विषय आडवळणाचा वाटेल. पण गेले तीन शनिवार मी गाडीखाली झोपून काढलेत आणि घरात ऐकून घ्यायला कुणी तयार नाही. तेव्हा भोगा आता तुम्ही.

गाडी २०११ ची कॅडिलॅक सीटीएस-व्ही. सेकंडहँड घेतली त्याला तीन वर्षं झाली. आमच्याच मिशिगन राज्यात, लॅन्सिंगला बनलेली. ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन (जनरल मोटर्स म्हणजे जीएमच्या भाषेत एलएसए), त्याच्या डोक्यावर ईटनचा सुपरचार्जर, ताकद ५५६ हॉर्सपॉवर. बायको तिला 'रेडा' म्हणते. पेट्रोलचं बिल बघता तिचं चुकत नाही.

सुपरचार्जर हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा दाबली की तापते; सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं ना, तेच. तापलेली हवा विरळ असते, शिवाय इंजिन नॉक करायची (इंधन आपोआप पेटून ठोके बसायची) भीती, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क मागे घेतो आणि ताकद पडते. यावर उपाय म्हणून सुपरचार्जरच्या झाकणाखाली ॲल्युमिनियमची जाळीदार वीट बसवलेली असते, तोच आफ्टरकूलर. विटेच्या पापुद्र्यांमधून हवा जाते, नळ्यांमधून कूलंट फिरतं. ते कूलंट बंपरमागच्या एका वेगळ्या रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं आणि विजेवरचा एक छोटा पंप त्याला फिरवत ठेवतो. हा सगळा संसार इंजिनाच्या मुख्य कूलंटपासून पूर्ण वेगळा. टाकी वेगळी, झाकणही वेगळं. म्हणूनच तो कुणाच्या लक्षात राहत नाही. मागच्या मालकाने बिलांची फाइल दिली होती. त्यात मुख्य कूलंट दोनदा बदलल्याची नोंद आहे, याची एकदाही नाही.

मला शंका आली ती मागच्या ऑगस्टमध्ये, वुडवर्ड ड्रीम क्रूझला. डेट्रॉइटबाहेरच्यांसाठी सांगतो: १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर फर्नडेलपासून पॉन्टियाकपर्यंत हजारो जुन्यानव्या गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात. वारीच ती, फक्त टाळ-मृदंगाऐवजी सायलेन्सर. त्या गर्दीत स्कॅनरवर 'आयएटी-२', म्हणजे विटेतून पुढे गेलेल्या हवेचं तापमान, ७२ अंश सेल्सियसला पोचलं. गर्दीत तापणार हे मान्य. पण परत येताना हायवेला लागून दहा मिनिटं झाली तरी आकडा ६० च्या खाली उतरेना. बाहेर २८ अंश होते.

घरी येऊन, गाडी गार झाल्यावर टाकीचं झाकण उघडलं. आत नारिंगी डेक्स-कूल (जीएमचं कूलंट) असायला हवं होतं. होता तो टपरीवरचा तिसऱ्यांदा उकळलेला चहा. बोट बुडवलं तर बोटावर बुळबुळीत साय. कुणीतरी पातळी कमी दिसली म्हणून हिरवं कूलंट ओतलं असणार. दोन्हींमधली गंजरोधक रसायनं वेगवेगळ्या जातीची. एकमेकांत मिसळली की आयुष्य घटतं आणि नशीब वाईट असेल तर गाळ धरतो.

मग पुढे हिवाळा आला. गॅरेजमध्ये हीटर नाही, त्यामुळे काम जूनवर गेलं.

पहिला शनिवार. गाडी पूर्ण गार. पुढची बाजू जॅकवर उचलून स्टँडवर ठेवली (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, हे मी दर धाग्यात लिहिणार). खालचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं. छोट्या रेडिएटरचा खालचा होस शोधला. चौदा वर्षांचं रबर, निपलला चिकटून बसलेलं. इथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह आवरा. निपल मोडलं तर अख्खा रेडिएटर गेला. क्लिप मागे सरकवायची, होस पकडीत हलका धरायचा, मध्ये कापड घालून, आणि ओढायच्या आधी पिळायचा. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. तिसऱ्या पिळाला 'टक्' असा बारीक आवाज आला आणि रबराने निपल सोडलं. पुढच्याच क्षणी तो चहा माझ्या बाहीतून काखेपर्यंत. खाली बादली होती, पण ती एक वीत डावीकडे.

जे निघालं ते मोजून ठेवलं, कारण परत किती जातं हे तपासायचा तोच एक मार्ग. मग डिस्टिल्ड वॉटर भरायचं, पंप दोन-चार मिनिटं चालवायचा, काढायचं. असं पाच वेळा. पहिल्या पाण्याला चहाचा रंग, तिसऱ्याला सरबताचा, पाचवं स्वच्छ. पंपाला बॅटरीपासून फ्यूज लावलेल्या वायरने वीज दिली, म्हणजे इंजिन चालू करावं लागत नाही. कोरडा मात्र चालवायचा नाही. या पंपाच्या बेअरिंगला वंगण आणि गारवा दोन्ही त्या पाण्यातूनच मिळतात.

मग डेक्स-कूल आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरलं, टाकी काठोकाठ, झाकण लावलं, हात धुतले, चहा घेतला (खरा). संध्याकाळी फेरी मारली. आयएटी-२ थेट ७८. आधीपेक्षा वाईट!

दुसरा शनिवार. मी ठरवून टाकलं की पंप गेला. आवाज येत होता, पण जरा चिरका. नवा पंप मागवला, बसवला. किंमत सांगत नाही, बायको इथे वाचते. फेरी मारली. ७७.

तेव्हा कुठे बादलीतल्या खुणेकडे लक्ष गेलं. जेवढं काढलं होतं त्याच्यापेक्षा दीड ग्लास कमी आत गेलं होतं. तो दीड ग्लास म्हणजे हवा, आणि हवा बसली होती वाटेतल्या सगळ्यात उंच जागी, म्हणजे नेमकी विटेत. पंप बिचारा खाली पाणी ढकलत होता, वर हवेचा बुडबुडा बूच मारून बसलेला. आपल्याकडे डिझेल गाडीचे मेस्त्री म्हणतात ना, 'एअर धरलीय', तसलं प्रकरण. जुना पंप ठणठणीत होता. आता कपाटात आहे.

तिसरा शनिवार. गाडी परत पूर्ण गार. व्हॅक्यूमने भरायचं यंत्र मित्राकडून आणलं. टाकीच्या तोंडावर रबरी बूच बसतं, कॉम्प्रेसरची हवा त्याच्या नळीतून सोडली की आतली हवा ओढली जाते. काटा २५ इंचांवर (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) गेला आणि होस माझ्यासमोर चपटे झाले, पापडाच्या लाटीसारखे. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो, पण ते तसंच व्हायला हवं. झडप बंद करून दहा मिनिटं थांबलो. काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. मग दुसरी नळी कूलंटच्या डब्यात बुडवून झडप उघडली. होस एकेक करून फुगत, टम्म होत गेले आणि डब्यातली पातळी डोळ्यांदेखत उतरली. शेवटी सुपरचार्जरच्या झाकणावरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल करून राहिलेले दोन-चार बुडबुडे काढले. यावेळी मोजून तेवढंच आत गेलं जेवढं बाहेर आलं होतं.

काल संध्याकाळी बाहेर २९ अंश. हायवेला ४१. दोनदा पूर्ण थ्रॉटल दिला तर ५३ पर्यंत चढला आणि मिनिटभरात परत ४३.

कुणी असलं काम केलंय का? आणि हे अर्धं-अर्धं मिश्रण बरोबर की पाणी जास्त ठेवावं? इथल्या फेसबुकवाल्यांचे दोन तट आहेत.


नवखा_नाशिककर
१२ जुलै, सकाळी ८:०५

जबरदस्त लिहिलंय दादा. पापडाच्या लाटीला फुटलो.
माझ्याकडे फोक्सवॅगनची १.० टीएसआय आहे, २०२२ ची. तिला टर्बो आहे. म्हणजे मलाही हे वेगळं कूलंट बदलावं लागणार का? सर्व्हिसवाले काहीच बोलले नाहीत.


पेठेतला_पाना
१२ जुलै, सकाळी ९:४०

एवढ्या कष्टांत तीन शनिवार गेले. सर्व्हिस सेंटरला दिली असती तर तीन तासांत झाली असती आणि वर कॉफी मिळाली असती.
(हलके घ्या. मी स्वतः स्कूटरचा प्लगसुद्धा दुसऱ्याकडून साफ करून घेतो.)


कोथरूडचे_काका
१२ जुलै, सकाळी ११:१८

मिशिगनकर, छान. 'आफ्टरकूलर' हा शब्द बऱ्याच वर्षांनी वाचला, म्हणून लिहितो. मी ३१ वर्षं पुण्यात डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन चालवून तपासतात त्या जागी, काढली.

आजकाल सगळेच सरसकट इंटरकूलर म्हणतात. मूळ फरक कॉम्प्रेसरवाल्यांचा आहे. हवा दोन टप्प्यांत दाबायची असेल तर दोन टप्प्यांच्या मधला तो इंटरकूलर, आणि शेवटच्या टप्प्यानंतरचा तो आफ्टरकूलर. तुमच्या गाडीत एकच टप्पा आहे, म्हणजे तुमचा आफ्टरकूलरच. कमिन्सचं एनटीए-८५५ इंजिन ज्यांनी जनरेटरवर पाहिलंय त्यांनी नाव फोडून बघावं: एन ही मालिका, टी म्हणजे टर्बो, ए म्हणजे आफ्टरकूल्ड, ८५५ घन इंच म्हणजे १४ लिटर. केटीए-३८, केटीए-५० मधला 'ए' तोच.

गंमत अशी की एनटीएचा आफ्टरकूलर वेगळ्या गार पाण्यावर चालत नसे. इंजिनाच्या जॅकेटमधलंच (सिलिंडरांभोवती फिरणारं) ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी त्यातून फिरवत. नवीन पोरं विचारायची, उकळायला आलेल्या पाण्याने काय गार होणार? अरे बाबांनो, टर्बोमधून पूर्ण लोडला दीडशे अंशांच्या वर हवा येते, तिच्यापुढे नव्वद अंश म्हणजे माठातलं पाणी. पुढे धुराचे नियम कडक झाले तशी हवा अजून गार हवी झाली, मग वेगळा थंड पाण्याचा फेरा आला. तुमच्या गाडीत आहे तो त्याच जातीचा.

एअर धरण्याबद्दल अगदी खरं. टेस्ट बेडवर नवीन इंजिन भरताना आमचे फोरमन वरचा प्लग उघडा ठेवून, त्यातून बुडबुड्याशिवाय सलग धार येईपर्यंत हलू देत नसत. 'धार तुटतेय, अजून आहे' एवढंच बोलायचे.

नाशिककर, तुमचं उत्तर थर्मलवाली ताई जास्त नीट देतील. आमच्या काळात असली इंजिनं नव्हती.


थर्मलवाली
१२ जुलै, दुपारी १:५२

काकांनी नाव घेतलंच आहे तर जेवणाच्या सुट्टीत लिहिते. (चाकणला गाड्यांच्या कूलिंगवरच काम करते. कुठे ते विचारू नका.)

@नाशिककर: हो, तुमच्या गाडीत पाण्याने गार होणारा कूलर आहे, इनटेक मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) बसवलेला, आणि त्याला वेगळा इलेक्ट्रिक पंप आहे. पण टाकी मुख्य कूलंटचीच. त्यामुळे वेगळं काही बदलायचं नाही. मात्र कूलंट कधी काढलंच तर एअर काढायची पद्धत कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणेच हवी. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये 'वरून ओतून' चालणार नाही. पातळी कमी झाली तर कंपनीने सांगितलेलंच कूलंट टाका. रंगावर जाऊ नका. रंग हा फक्त रंग असतो, दोन गुलाबी कूलंटं एकमेकांशी पटवून घेतीलच असं नाही.

भारतातल्या बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांत कूलर हवेनेच गार होतो. बंपरच्या मागे जाड पाईप आणि जाळीचा डबा दिसला की समजा, त्यात पाणी नाही.

आता मिशिगनकरांचा प्रश्न. आकडे मांडते. एलएसएचा बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब, जास्तीत जास्त ९ पीएसआयच्या आसपास, म्हणजे हवा साधारण १.६ पट दाबली जाते. बाहेर ३० अंश असतील तर अगदी आदर्श कॉम्प्रेसरमधूनही ती ७४ अंशांवर येईल. खरा कॉम्प्रेसर आदर्श नसतो, धरा ९५-१००. ती विटेत ५० पर्यंत उतरवली तर त्याच दाबाला तिची घनता १४-१५ टक्क्यांनी वाढते. म्हणजे वीट नीट चालली की नाही यावर तेवढी हवा, आणि हवेच्या हिशोबाने तेवढं इंधन जाळायची मुभा. ५५६ पैकी किती घोडे त्या दीड ग्लास हवेने बांधून ठेवले होते ते तुम्हीच काढा.

पाणी की मिश्रण? उष्णता वाहून नेण्यात नुसतं पाणी सरस, यात वाद नाही. किलोमागे एक अंश तापायला पाणी ४.१८ किलोज्यूल घेतं, अर्धं-अर्धं ग्लायकॉल मिश्रण ३.४ च्या आसपास. शिवाय मिश्रण दाट; ४० अंशांना पाण्याच्या तिपटीहून जास्त. छोट्या पंपाला ते जाणवतं. म्हणून ट्रॅकवर पळवणारे लोक पाणी जास्त ठेवतात. पण तुम्ही मिशिगनमध्ये. अर्धं-अर्धं उणे ३७ ला गोठतं, ३० टक्के ग्लायकॉल उणे १५-१६ च्या आसपासच. जानेवारीत एक रात्र गाडी बाहेर राहिली तर वीट फुटेल. तुम्ही अर्ध्यावरच राहा. आणि 'जास्त म्हणजे चांगलं' म्हणून ७० टक्क्यांच्या पुढेही जाऊ नका. नुसतं ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं, हे लोकांना खरं वाटत नाही.

पुणे-नाशिककरांना गोठण्याची भीती नाही, तरी नुसतं पाणी नको. ॲल्युमिनियमला गंजरोधक लागतं, ते कूलंटमध्ये असतं, पाण्यात नाही.

अजून एक. व्हॅक्यूम लावताना इंजिन गार हवं हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण ते फार महत्त्वाचं आहे. २५ इंच व्हॅक्यूमला पाणी ५५-५६ अंशांनाच उकळतं. कोमट सिस्टीमवर यंत्र लावलं तर आत वाफ होत राहते, काटा पडतो आणि माणूस नसलेली गळती शोधत बसतो. आमच्या लॅबमध्ये एका इंटर्नने अर्धा दिवस शोधली आहे. ती इंटर्न कोण ते सांगत नाही.


पेठेतला_पाना
१२ जुलै, दुपारी २:१०

"ती" म्हणालात तिथेच कळलं.


खडखडाट
१२ जुलै, रात्री ९:३३

जालन्याहून. आमच्याकडे डिस्टिल्ड वॉटर म्हटलं की मेस्त्री हसतो. सगळीकडे बोअरचं पाणी. मागच्या उन्हाळ्यात मित्राच्या पिकअपचा रेडिएटर उघडला, आत चुन्याचे थर, घरातल्या गिझरच्या कॉइलवर जमतात तसे. अर्ध्या नळ्या बंद. कारागिराने कॉस्टिकने धुऊ म्हटलं. रेडिएटर ॲल्युमिनियमचा. काय करावं?


कोथरूडचे_काका
१२ जुलै, रात्री १०:०१

खडखडाट, कॉस्टिक अजिबात नको! कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं, अक्षरशः. फेस येईल, चुना जाईल आणि सोबत नळीही जाईल. जुने पितळी-तांब्याचे रेडिएटर होते तेव्हाची ती सवय आहे, कारागिरांच्या हातातून अजून गेली नाही. निम्म्या नळ्या बंद असतील तर नवा कोअर घ्या, तो स्वस्त पडेल. आणि पुढे पाणी बॅटरीच्या दुकानातून घ्या. बॅटरीत घालायचं ते डिमिनरलाइज्ड पाणी कुठल्याही गावात मिळतं.

पाण्याची हयगय काय करते ते आम्ही लायनरवर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्यावर) बघितलंय. मोठ्या डिझेलमध्ये कूलंटमधलं डीसीए, म्हणजे रसायनाचा डोस, वेळच्या वेळी घातला नाही तर लायनरला बाहेरून सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि धातू उकरतात. लायनर हातात घेऊन दिव्यासमोर धरला की पलीकडचा उजेड दिसायचा.


मिशिगनकर
१२ जुलै, रात्री ११:४७

काका, दंडवत. एनटीएतला 'ए' मला माहीत नव्हता. वीस वर्षं याच धंद्यात आहे, सांगायला लाज वाटते.

थर्मलवाली, आभार. अर्ध्यावरच राहतो. रिफ्रॅक्टोमीटरने (कूलंट किती अंशांना गोठेल ते दाखवणारं यंत्र) तपासलं, उणे ३६ दाखवतोय. एक थेंब काचेवर, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून निळी रेघ कुठे येते ते बघायचं. पोराला दाखवलं तर म्हणाला, हे फिशटँकच्या खारटपणाच्या यंत्रासारखंच आहे. खरंच तसंच आहे, फक्त पट्टी वेगळी.

पाना, सर्व्हिस सेंटरला विचारलं होतं. फोनवरच्या माणसाने दोनदा सांगूनही मुख्य रेडिएटरच्याच फ्लशचा दर सांगितला. तेव्हाच ठरवलं, आपणच झोपू गाडीखाली.

एक राहिलं होतं. निघालेलं कूलंट गटारात ओतू नका. चव गोड असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. थोडंसंच पुरतं. मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी नेऊन देणार. शेजाऱ्याचं लॅब्रॉडॉर आमच्या गॅरेजमध्ये स्वतःचं समजून येतं, म्हणून सांडलेलंही साबणाने धुऊन काढलं.


बे_एरियातला_विजेवाला
१३ जुलै, पहाटे ४:२०

आमच्याकडे ना सुपरचार्जर, ना वीट, ना तीन शनिवार. गाडी प्लगला लावली की झालं. :)


थर्मलवाली
१३ जुलै, सकाळी ९:१५

तुमच्या बॅटरीखाली काय फिरतंय असं वाटतं? तेच ग्लायकॉल, तसाच इलेक्ट्रिक पंप, आणि भरतानाही व्हॅक्यूमनेच भरतात. तुम्हाला फक्त झाकण उघडायची परवानगी नाही.


नवखा_नाशिककर
१३ जुलै, सकाळी १०:३०

ताई, काका, धन्यवाद. टाकी बघितली, पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे, रंग गुलाबी-जांभळा. एक शंका. पातळी कमी होत गेली पण खाली जमिनीवर थेंब दिसला नाही तर? गेल्या गाडीत असं झालं होतं, सगळे म्हणाले, घालत राहा पाणी.


कोथरूडचे_काका
१३ जुलै, दुपारी १२:०६

हा प्रश्न विचारलात ते फार चांगलं केलंत. मिशिगनकर, तुम्हीही नीट वाचा.

आफ्टरकूलर इनटेकमध्ये बसलेला असतो. त्याची नळी आतून फुटली तर पाणी जमिनीवर पडत नाही, सिलिंडरमध्ये जातं. इंजिन चालू असताना थोडं गेलं तर वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाईल. पांढरा धूर, गोडसर वास. पण गाडी रात्रभर उभी राहिली आणि एखाद्या सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी साचलं, तर सकाळी स्टार्टर मारल्याबरोबर पिस्टन वर येतो आणि अडतो. पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. एका हॉस्पिटलच्या जनरेटरवर मी हे पाहिलंय. ऑपरेटरने 'जॅम वाटतोय' म्हणून तीनदा स्टार्टर मारला होता. रॉड ब्लॉक फोडून बाहेर.

म्हणून, पातळी उतरतेय आणि जमीन कोरडी आहे तर पाणी घालत राहू नका. सिस्टीमला प्रेशर टेस्ट लावून घ्या, आणि संशय दाट असेल तर प्लग काढल्याशिवाय स्टार्टर मारू नका. प्लग काढलेले असले की पाणी भोकातून बाहेर उडतं, बाकी काही होत नाही. तोंड मात्र लांब ठेवा.


मिशिगनकर
१३ जुलै, रात्री ९:२०

काका, हे वाचून लगेच खाली गेलो आणि टॉर्च लावून टाकी बघून आलो. तसूभरही हललेली नाही. पण आता रोज बघणार. झोप उडवलीत.


पेठेतला_पाना
१४ जुलै, सकाळी ८:५५

वाचनखूण साठवली. स्कूटरला आफ्टरकूलर नसतो ना?


मिशिगनकर
१७ ऑगस्ट, रात्री ११:३०

धागा वर काढतोय, क्षमस्व. काल वुडवर्ड झालं, म्हणून हिशोब द्यायला आलो.

मधल्या महिन्यात टाकीतली पातळी एकदा बोटभर उतरली. काकांचं हॉस्पिटल आठवून घाम फुटला. प्लग काढून आठही सिलिंडर बोरोस्कोपने (भोकातून आत सोडायचा छोटा कॅमेरा) बघितले. कोरडे. प्रेशर टेस्टला काटा अर्धा तास जागचा हलला नाही. मग ब्लीड स्क्रू उघडला तर एक लांब 'फुस्स' आणि मग धार. कोपऱ्यात दडलेला शेवटचा बुडबुडा असणार. तो वर आला तशी पातळी खाली गेली. बोटभर घातलं, त्यानंतर उतरलेली नाही. फोरमनचं वाक्य आठवलं आणि यावेळी धार तुटायची थांबेपर्यंत स्क्रू उघडाच ठेवला. फडकं चिंब झालं, चालतंय.

काल बाहेर ३१ अंश. वुडवर्डवरच्या बर्मिंगहॅमच्या आसपास पाऊण तास गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त होती. पुढे १९५७ ची एक शेवर्ले बेल एअर, मागे कुणीतरी सतत हॉर्नवर गाणं वाजवणारा. आयएटी-२ चढत चढत ६१. म्हणजे गर्दीत तापतेच, पुढच्या रेडिएटरवर वाराच नसतो, त्याला कूलंट काय करणार. पण रात्री परत येताना आय-७५ हायवेला लागलो आणि पोराला आकडा मोठ्याने वाचायला सांगितला. ६१, ५८, ५३, ४९... आमचा एक्झिट यायच्या आत ४३.

बायको मागच्या सीटवरून म्हणाली, "एवढ्यासाठी दोन पंप?"

जुना पंप कुणाला हवा असेल तर सांगा. चालू स्थितीत आहे, मी स्वतः सिद्ध केलंय.